ती ‘दूरदर्शन’ म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि सुरुवातीलाच कबूल करते, यात चूक माझी आहे.

आम्ही बाडहूव्हडॉर्पला राहतो. स्किपोल विमानतळाला खेटून असलेलं गाव. मी सीए, इथे ॲमस्टरडॅममध्ये नोकरी करते. लेक दहा वर्षांची, ख्रूप ७ मध्ये. शनिवारी मराठी वर्ग, रविवारी सकाळी डोंबिवलीला व्हिडिओ कॉल, हे तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असतं तसंच आमच्याही घरी.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारच्या वर्गात शब्दांची यादी मिळाली होती, घरातल्या वस्तूंची. त्यात एका बाजूला टेलिव्हिजन आणि दुसऱ्या बाजूला दूरदर्शन असं होतं. पोरीने मन लावून पाठ केली. रविवारी कॉल लागला तर पलीकडे टीव्ही मोठ्याने चालू. तर ही म्हणाली, “आबा, तुमचं दूरदर्शन बंद करा ना, मला ऐकू येत नाही.”

एक क्षण शांतता आणि मग हशा. दादा हसला, वहिनी हसली, आबा म्हणाले, “अगं बाळा, दूरदर्शन आमच्याकडे कोण बघतंय आता!” आणि मी? मी तर सगळ्यात मोठ्याने हसले. तिला कळेचना की चुकलं काय. यादीत तर तसंच होतं.

पुढचे चार महिने ती आबांशी मराठीत ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बरी आहे’ एवढंच बोलली. बाकी सगळं इंग्रजीत. मला वाटलं, वय आहे, होईल ठीक. मग एका रात्री झोपताना म्हणाली, “आई, मी मराठी बोलले की तुम्ही हसता. डचमध्ये चुकलं की कोणी हसत नाही.”

मंडळी, मी लोकांच्या ताळेबंदातल्या चुका शोधून पोट भरते. ही नोंद मात्र माझ्याच वहीत मी चुकीच्या बाजूला टाकली होती.

तेव्हा ठरवलं, हा शब्द नीट तपासायचा. आमच्या धंद्यात व्हाउचर पाहिल्याशिवाय आकडा मान्य करत नाहीत, तसं.

सुरुवात आमच्या पत्त्यापासूनच केली. तिला विचारलं, आपल्या गावाच्या नावाचा अर्थ काय? म्हणाली, काही नाही, नाव आहे. मग तिलाच फोडायला लावलं. बाड म्हणजे स्नान, हूव्ह म्हणजे शेत-वाडी, डॉर्प म्हणजे गाव. तिन्ही शब्द तिला रोज भेटतात, पण एकत्र आले की ऐकूच येत नाहीत. हे गाव जिथे आहे तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाणी होतं. हार्लेमरमेर नावाचं मोठं सरोवर १८५२ साली उपसून कोरडं केलं, त्या जमिनीवर अमर्सफोर्ट नावाच्या गृहस्थांनी ‘बाडहूव्ह’ नावाची आदर्श शेती उभारली. पुढे गाव वसलं, त्याने त्या शेताचं नाव घेतलं. शेत गेलं, नाव राहिलं. शब्दांचं असंच असतं.

मग टेलिव्हिजन. हा शब्द तयार कधी झाला? टीव्हीच्या आधी! १९०० साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यातल्या वीजविषयक परिषदेत २५ ऑगस्टला कॉन्स्टँटिन पेर्स्की या रशियन माणसाने विजेच्या साहाय्याने लांबचं चित्र पाहण्यावर निबंध वाचला आणि त्यात फ्रेंचमध्ये ‘टेलिव्हिजन’ हा शब्द वापरला. लंडनमध्ये जॉन बेअर्डने चालणारं यंत्र लोकांना दाखवलं ते १९२६ च्या जानेवारीत. म्हणजे पाव शतक आधी बारसं, मग बाळ.

शब्दाचे दोन तुकडे. ‘टेली’ ग्रीक, अर्थ दूर. ‘व्हिजन’ लॅटिनमधून, ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. एक पाय ग्रीक, एक पाय लॅटिन. असली सरमिसळ पाहून त्या काळच्या भाषापंडितांनी नाकं मुरडली. शब्द मात्र जगभर गेला. तेव्हा ‘शुद्ध असेल तरच टिकेल’ हा हिशेब पहिल्याच पानावर चुकतो.

आता गंमत पुढे आहे. त्या ‘विदेरे’चं मूळ आणि संस्कृत ‘विद्’चं मूळ एकच. पाहणं आणि जाणणं, एकाच बियाण्यातून आलेलं. आपला वेद, आपली विद्या तिथलीच. आणि डचमधलं ‘वेतन’ही तिथलंच. आपल्याकडचा पगार नव्हे हं, डच वेतन म्हणजे माहीत असणे. आमची लेक दिवसातून वीस वेळा डचमध्ये “मला माहीत नाही” म्हणते, त्या प्रत्येक वेळी विद्या शब्दाची चुलत बहीण तिच्या तोंडात असते. हे सांगितलं तेव्हा ती पलंगावर उठूनच बसली. “मग मी मराठी बोलते तेव्हा थोडं डच पण बोलते?” म्हटलं, थोडंसं, पणजी एक आहे म्हणून.

तसंच डच ‘फेर’, म्हणजे लांब. त्याचं मूळ आणि आपल्या ‘पर’चं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. पर म्हणजे पलीकडचा, दूरचा. परदेशातला पर तोच. डच लोक दुर्बिणीला ‘फेररेकाइकर’ म्हणतात, म्हणजे लांब-बघ्या. १६०८ साली याच देशात, मिडलबर्ग गावच्या लिपरहे नावाच्या चष्मेवाल्याने दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. लांबचं जवळ दिसावं ही इथली जुनीच हौस. जर्मन माणसाने तर टीव्हीलाच ‘दूर-पाहणं’ असं आपल्या भाषेत म्हटलं, फर्नझेहेन. म्हणजे आपल्या दूरदर्शनचा सख्खा भाऊच.

डचांनी मात्र टीव्हीला आपला शब्द केला नाही. टेलेव्हिझी म्हणाले आणि मोकळे झाले. आणि हे कोण? ज्यांनी गणितालासुद्धा परका शब्द घेतला नाही ते! युरोपात बहुतेक भाषा मॅथेमॅटिक्सचंच काहीतरी रूप वापरतात, डच म्हणतात ‘विस्कुंदे’. हे श्रेय सायमन स्टेव्हिनला जातं. जन्म १५४८, ब्रुग्जचा. गणिती, अभियंता, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिशेबनीस! राजपुत्र मॉरित्झसाठी त्याने दुहेरी नोंद पद्धतीच्या हिशेबावर पुस्तक लिहिलं, १६०७ च्या सुमारास. हा माणूस शास्त्र आपल्या भाषेत लिहायचं म्हणून शब्द घडवत बसला. त्याचे काही शब्द आज शाळकरी मुलं वापरतात, कुणाला ते ‘घडवलेले’ वाटतही नाहीत.

आपल्याकडे हे झालं नाही असं समजू नका. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला. मुजुमदार म्हणजे राज्याचा जमाखर्च तपासणारा, आमच्याच बिरादरीतला. पण बघा, अमात्य आज इतिहासाच्या पुस्तकात आहे आणि मुजुमदार आडनाव होऊन आपल्या शेजारी राहतं. आणि जमा, खर्च, बाकी, हिशेब, वसूल? सगळे अरबी-फारसीतून आलेले. हे शब्द काढून टाकले तर मराठीत मला एक दिवस काम करता येणार नाही. आणि यातला एकही शब्द आज कुणाला मराठी नाही असं वाटत नाही.

आता दूरदर्शन. आपल्याकडे टीव्ही सुरू झाला दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ ला. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं हे सगळं आकाशवाणीच्याच छत्राखाली होतं. १ एप्रिल १९७६ ला ते वेगळं झालं आणि त्याला ‘दूरदर्शन’ असं नाव मिळालं. इथेच शब्दाचं नशीब फिरलं. दूरदर्शन ही वस्तू न राहता संस्था झाली. त्यावर गजरा लागायचा, साप्ताहिकी लागायची, आम्ही पोरं किलबिलची वाट बघायचो. तेव्हा एकच वाहिनी होती, त्यामुळे यंत्र आणि संस्था यात फरक करायची गरजच पडली नाही. खासगी वाहिन्या आल्या आणि फरक पडला. आता दूरदर्शन म्हणजे रिमोटवरचा एक नंबर.

म्हणून वस्तूसाठी मराठीत आणखी एक शब्द आहे, दूरचित्रवाणी. मराठी विश्वकोशात नोंद याच नावाने आहे. मला विचाराल तर हा शब्द टेलिव्हिजनपेक्षा अचूक आहे. टेलिव्हिजनमध्ये फक्त पाहणं आहे. ऐकणं कुठे गेलं? आपल्या शब्दात दूर आहे, चित्र आहे आणि वाणीही आहे. आकडेवारी पूर्ण, काही लपवलेलं नाही. अडचण एवढीच की तोंडातून निघेपर्यंत मालिकेतला ब्रेक संपतो.

म्हणजे शनिवारच्या यादीतला शब्द चूक होता का? नाही. अर्थाने अगदी बरोबर. आबा चूक होते का? तेही नाही, वापराने तेच बरोबर. चूक एवढीच झाली की एका मुलीच्या हातात आम्ही बंद पाकीट दिलं, आत काय आहे ते सांगितलं नाही, आणि तिने ते विश्वासाने पुढे केलं तेव्हा हसलो.

आता माझं मत. यावर आपल्या लोकांत दोन पार्ट्या आहेत, मला माहीत आहे.

पहिली पार्टी म्हणते, घरात शुद्ध मराठीच. टीव्ही म्हटलं की दंड. माझं म्हणणं, डोंबिवलीत, नाशकात, लातुरात कुणी “दूरचित्रवाणी संच लाव” म्हणत नाही. भ्रमणध्वनी हा शब्द मला आजवर फक्त लग्नपत्रिकेवर भेटला. जी मराठी तिथे कुणी बोलत नाही ती आपल्या मुलांना शिकवली, तर ती सुट्टीत तिकडे जाऊन पहिल्याच दिवशी पाहुणी ठरतील. टीव्ही हा आता मराठी शब्द आहे, जसा हिशेब आहे. लावतो, बंद करतो, त्याच्यासमोर जेवतो, त्यावरून भांडतो. एवढा संसार केल्यावर त्याला परका कसा म्हणायचं?

दुसरी पार्टी म्हणते, मग सोडा ना, कशाला ते अवघड शब्द, बोलता आलं की झालं. हेही मला पटत नाही. कारण रोजचं बोलणं हा चालू खर्च आहे, आणि हे घडवलेले शब्द म्हणजे मुद्दल. मुलाला एकदा ‘दूर’, ‘दर्शन’, ‘चित्र’, ‘वाणी’ हे चार तुकडे कळले की दूरध्वनी, दूरदृष्टी, प्रदर्शन, मार्गदर्शन, आकाशवाणी, भविष्यवाणी, चित्रपट हे सगळे न शिकवता उघडतात. माझ्या लेकीने ‘मार्गदर्शन’ स्वतः फोडलं, “रस्ता दाखवणं?” असं विचारत. चार शब्दांवर एवढा परतावा मी कुठल्या गुंतवणुकीत पाहिलेला नाही.

आणि ‘दर्शन’ म्हणजे नुसतं बघणं नाही, हे मुलांना इंग्रजीतून कळणार नाही. देवाचं दर्शन असतं, म्हाताऱ्या माणसाचं दर्शन घेतात, तत्त्वज्ञानाच्या पद्धतींना षड्दर्शनं म्हणतात. १९८७ साली रामायण लागायचं तेव्हा कित्येक घरांत टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आपण ते हसून सांगतो. पण शब्दाप्रमाणे पाहिलं तर त्या माणसांनी दूर-दर्शन अक्षरशः घेतलं होतं. आमच्या धंद्यातही दर्शनी हुंडी होती. मुदत नाही, दाखवली की पैसे द्यायचे. डचमध्येही तिला नावच ‘दिसण्याची हुंडी’ आहे, झिख्तविसल. दोन टोकांच्या व्यापाऱ्यांना एकच गोष्ट सुचली.

माझ्या कामाचं नाव घ्या. ऑडिटर हा शब्द लॅटिनमधल्या ऐकण्यावरून आला, कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तो बसून ऐके. मराठीत लेखापरीक्षक. परि म्हणजे सगळीकडून, ईक्षा म्हणजे पाहणं. त्यांचा ऐकतो, आपला चहूबाजूंनी बघतो. वीस वर्षं हे काम करतेय, पण लेकीला समजावताना पहिल्यांदा लक्षात आलं की मी मुळात ऐकणारी आहे. आणि घरात तेवढंच केलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे. यात घाई का, ते सांगते. आबांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. डॉक्टरांनी सांगितलंय की आहे ती नजर जपायची, गेलेली परत येणार नाही. व्हिडिओ कॉलवर आता त्यांना तिचा चेहरा मधोमध धुरकट दिसतो, कडेकडेने थोडा. म्हणजे त्या दूरचित्रवाणीतलं चित्र हळूहळू पुसलं जातंय आणि वाणी तेवढी उरणार आहे. ती वाणी कुठल्या भाषेत असेल, हा माझ्या घरातला प्रश्न आहे. आबांना इंग्रजी येतं, पण कामापुरतं. ‘हाऊ आर यू’च्या पुढे नातवंडाशी काय बोलायचं त्या इंग्रजीत?

एप्रिलमध्ये शाळेत तिचं स्प्रेकबर्ट होतं, वर्गासमोर बोलायचं. विषय तिनेच घेतला, टीव्ही. तयारी करताना तिला कळलं की नेदरलँड्समधलं पहिलं अधिकृत प्रक्षेपण बुसुममधून झालं, आमच्याकडून गाडीने अर्ध्या तासावर. तारीख २ ऑक्टोबर १९५१. मी म्हटलं, थांब, मुंबई केंद्राचीही २ ऑक्टोबरच, बरोबर एकवीस वर्षांनी. आणि तिला आणखी एक शब्द सापडला, ‘काइक एन लाउस्टरखेल्ट’, म्हणजे बघण्या-ऐकण्याचे पैसे. २००० सालापर्यंत इथे टीव्ही-रेडिओसाठी घरटी भरावा लागायचा. तिला हे फारच विचित्र वाटलं. “बघायचे पैसे? भारतात पण होते?”

म्हटलं, आबांना विचार. ते पोस्टात होते.

तिने स्वतः फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम बाहेर आले नाही. आबांनी सांगितलं की हो, आपल्याकडेही लायसन लागायचं, रेडिओचं आणि टीव्हीचं. पोस्टात लोक पुस्तिका घेऊन यायचे, पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं. “किती शिक्के मारले असतील मी!” म्हणाले. मग ती म्हणाली, सगळं मराठीत, अडखळत, “आबा, म्हणजे दूरदर्शन बघायला तुमची परवानगी लागायची?” या वेळी कुणी हसलं नाही. आबा म्हणाले, “अगदी बरोबर बोललीस. तेव्हा दूरदर्शनच होतं.”

पंचवीस मिनिटं चाललं ते बोलणं. मध्ये तिला शब्द सुचेना तेव्हा डच घातला, आबांनी त्याचा अर्थ विचारला आणि लिहूनही घेतला म्हणे, मोठ्या अक्षरात. आता दर रविवारी एक डच शब्द आबांना, एक मराठी शब्द तिला. जमा-खर्च दोन्हीकडे सारखा.

तर मंडळी, माझ्या विनंत्या तीनच.

एक, मराठी वर्ग चालवणाऱ्या ताई-दादांनो, तुम्ही सुट्टीचा दिवस देता, तुमचे उपकारच आहेत. पण यादी देताना प्रत्येक घडवलेला शब्द एकदा फोडून दाखवा, आणि शेजारी लिहा, घरी कसं म्हणतात आणि छापील कसं असतं.

दोन, भारतातल्या काका-मामा-आत्यांना आधीच फोन करून सांगा, मूल चुकलं तर हसू नका. प्रेमाने हसता हे आपल्याला कळतं, दहा वर्षांच्या मुलाला नाही.

तीन, तुमच्या गावाच्या, रस्त्याच्या, कामाच्या नावापासून सुरुवात करा. मुलांना शब्द उघडायची सवय एकदा लागली की कुठली भाषा आधी, हा प्रश्नच राहत नाही.

तुमच्याकडे असा एखादा शब्द आहे का, ज्यावर तुमचं मूल चुकलं आणि तुम्ही हसलात? खाली लिहा. मी एकटी नाही एवढं कळलं तरी बरं वाटेल. आणि रविवारी सकाळी साडेनऊ ते दहा मला फोन करू नका. लाइन आबांची आहे.